झूम आणि खिशातला कॅमेरा

कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेलच्या शेजारी आणखी एक आकडा ठसठशीत छापलेला असतो. ५एक्स, ८एक्स, २५एक्स. दुकानदार त्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, आठपट जवळ येतं." गिऱ्हाईक मान डोलावते आणि पैसे मोजते. आठपट, पण कशाच्या आठपट, हे विचारायचे राहूनच जाते. आमची सारी हयात पगारपत्रके वाचण्यात गेली. कुणी 'वीस टक्के वाढ दिली' म्हणाले, की 'वीस टक्के कशावर? मूळ पगारावर, की महागाई भत्ता धरून?' हा प्रश्न आमच्या तोंडून आपोआप निघतो. तोच प्रश्न कॅमेऱ्याच्या आकड्याला विचारावा, एवढाच या लेखाचा उद्योग आहे.

आम्ही छायाचित्रकार नव्हे, पदार्थविज्ञानाचे पदवीधर तर नव्हेच. शाळा लवकर सुटली, लेथवर उभे राहिलो, आणि पुढे जे काही कळले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे ज्या वाटेने आम्हाला हा विषय उमगला, त्याच वाटेने तो मांडतो.

लहानपणी बहिर्गोल भिंगाने उन्हात कागद जाळलेला नाही असा माणूस विरळा. भिंग कागदापासून मागेपुढे करीत गेले म्हणजे एका ठरावीक अंतरावर उजेडाचा ठिपका अगदी बारीक होतो आणि धूर निघू लागतो. भिंगापासून त्या ठिपक्यापर्यंतचे अंतर म्हणजे त्या भिंगाचे नाभीय अंतर. जाड, फुगीर भिंगाचे नाभीय अंतर कमी, चपट्या भिंगाचे जास्त. आता कागदावर सूर्याऐवजी खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा पाडून पाहा. नाभीय अंतर दुप्पट असलेले भिंग घेतले, तर कागदावरचे झाड दुप्पट मोठे उमटते. छायाचित्रणाच्या भिंगाचे निम्मे शास्त्र एवढ्यात आले.

कॅमेऱ्यात कागदाच्या जागी पूर्वी फिल्म होती, आता सेन्सर असतो. सेन्सरची चौकट ठरलेली. नाभीय अंतर वाढले की प्रतिमा मोठी होते, आणि प्रतिमा मोठी झाली की त्या ठरलेल्या चौकटीत दृश्याचा कमी भाग मावतो. यालाच आपण 'जवळ आले' म्हणतो. झूम भिंगात एक काच नसते. काचांचे दोन-तीन गट असतात आणि ते एकमेकांपासून दूर-जवळ सरकतात. नळीच्या आत तिरप्या खाचा कापलेल्या असतात, मोटर नळी फिरवते, आणि खाचेत बसलेल्या खुंट्यांबरोबर काचा पुढेमागे जातात. लेथवर चुडी कापलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. गट सरकले की साऱ्या भिंगाचे मिळून होणारे नाभीय अंतर बदलते. तेव्हा 'एक्स'चा अर्थ एवढाच, की मोठ्यात मोठ्या नाभीय अंतराला लहानात लहान अंतराने भागले तर किती येते.

उदाहरणासाठी सोनीचा सायबर-शॉट डब्ल्यू८३० हा २०१४ साली निघालेला साधा, खिशात मावणारा कॅमेरा घेऊ. त्याच्या भिंगाच्या कडेवर बारीक अक्षरांत ४.५–३६ असे छापले आहे. हे मिलिमीटर. छत्तीस भागिले साडेचार, बरोबर आठ. आठपट होते ती त्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच सर्वांत रुंद दृश्याच्या. आपल्या डोळ्यांच्या नव्हे.

डोळ्यांशी तुलना करायची तर आणखी एक पायरी चढावी लागते. कॅमेऱ्यांचे सेन्सर लहानमोठे असतात, म्हणून साडेचार मिलिमीटर या आकड्यावरून दुसऱ्या कॅमेऱ्याशी तुलना होत नाही. त्यासाठी जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मची ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट माप म्हणून धरतात. तिचा कर्ण सुमारे ४३.३ मिलिमीटर. या लहान कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कर्ण सुमारे ७.७ मिलिमीटर. भागाकार ५.६. साडेचारला ५.६ने गुणले की २५, छत्तीसला गुणले की २००. म्हणून माहितीपत्रकात '२५ ते २०० मिलिमीटर' असे समतुल्य आकडे दिलेले असतात. गिऱ्हाइकाने वाचायचे ते हे दोन आकडे. सुमारे ५० मिलिमीटरचे भिंग दृश्य साधारणपणे आपल्या नजरेसारखे दाखवते, असे छायाचित्रकार मानतात. तो हिशेब धरला तर आठ एक्सचा कॅमेरा आपल्या नजरेपेक्षा चारपट 'जवळ' नेतो. आठातले दोन हिस्से नुसते मागे सरकण्यात, म्हणजे रुंद दृश्य दाखवण्यात गेले. त्यात फसवणूक नाही. अरुंद खोलीत साऱ्या कुटुंबाचा फोटो काढायला तोच रुंदावा उपयोगी पडतो. पण लग्नात फोटो काढणाऱ्याच्या गळ्यातले ७० ते २०० मिलिमीटरचे जाडजूड भिंग 'तीन एक्स'देखील भरत नाही आणि तरी आपल्या आठ एक्सइतकेच लांब पोहोचते, हे ध्यानात ठेवले म्हणजे 'एक्स'चा दरारा उरत नाही.

आता डिजिटल झूम. याला झूम म्हणणे म्हणजे पगार तोच ठेवून पाकीट मोठे देणे. यात काच तसूभर हलत नाही. सेन्सरवर पडलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून घेतात आणि तो ताणून चौकटभर करतात. कापताना किती गमावले याचा हिशेब सोपा आहे. दुप्पट डिजिटल झूम केला की रुंदी निम्मी आणि उंचीही निम्मी राहते, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा. २० मेगापिक्सेलचे उरले ५. चौपट केला की सोळावा हिस्सा, म्हणजे सव्वा मेगापिक्सेल. चार बाय सहा इंचाची चांगली प्रत छापायला इंचाला ३०० ठिपके या मापाने १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. चौपट डिजिटल झूमनंतर तेवढेही हाती राहत नाहीत. यंत्र मधले ठिपके अंदाजाने भरते. अलीकडची यंत्रे हा अंदाज फार हुशारीने करतात, पण अंदाज तो अंदाज. कापायचेच असेल तर ते काम घरी बसून, मूळ चित्र शाबूत ठेवून करता येते. खोक्यावर कुठे कुठे 'एकूण झूम ३२एक्स' असे लिहिलेले आढळते; ते आठ काचेचे आणि चार कात्रीचे, यांचा गुणाकार असतो. खरेदी करताना 'ऑप्टिकल' या शब्दापुढचा आकडा वाचावा, बाकीच्यांकडे पाहू नये.

हा फरक नुसता हौसेचा असता तर आम्ही त्यावर एवढे पान खर्च केले नसते. एका कारखान्यात घडलेली गोष्ट सांगतो. शेडमध्ये नऊ मीटर उंचीवर क्रेनचा हूक. हुकाच्या तोंडाला स्प्रिंगची एक लहानशी पट्टी असते, तिला लॅच म्हणतात. स्लिंग हुकातून निसटू नये म्हणून ती असते. ती पट्टी तुटून गेली होती. कामगारांनी तोंडी सांगितले, मग लेखी दिले. लेखी अर्जाबरोबर एका तरुण कामगाराने मोबाइलवर, दोन बोटांनी चित्र मोठे करून काढलेला फोटो जोडला. उत्तर आले, की सोबतच्या छायाचित्रात कोणताही दोष दिसून येत नाही. आणि खरोखरच दिसत नव्हता. हुकाच्या जागी करड्या रंगाचा एक डाग होता. पुढच्याच महिन्यात स्लिंग निसटली आणि एका कामगाराचा पाय घोट्यापासून चिरडला. लॅच आधीपासून नव्हती, की त्याच दिवशी तुटली, यावर पुढे दोन वर्षे वाद चालला.

गणित करून पाहू. मोबाइलचे मुख्य भिंग साधारण २६ मिलिमीटर समतुल्य असते. नऊ मीटरवरून त्याच्या चौकटीत सुमारे १२ मीटर रुंदीचे दृश्य मावते. चित्राच्या रुंदीत ४००० ठिपके असतील तर एका मीटरच्या वाट्याला आले ३३३, आणि पाच सेंटिमीटरच्या लॅचच्या वाट्याला १६-१७. बोटांनी कितीही ताणले तरी सोळाचे सतरा होत नाहीत. तोच फोटो डब्ल्यू८३०सारख्या कॅमेऱ्याने २०० मिलिमीटरवर काढला, तर चौकटीत दीड मीटरच्या आसपास दृश्य मावते, रुंदीत ५१५२ ठिपके, म्हणजे पाच सेंटिमीटरला सुमारे १६५. दहापट. एवढ्या ठिपक्यांत लॅच आहे की नाही हे दिसतेच, खाच झिजलेली असली तर तीही दिसण्याचा संभव असतो. एक वस्तू लहानशा पगारातून घ्यावी की न घ्यावी, याचा निकाल कधीकधी अशा सोळा आणि एकशे पासष्टमधल्या फरकावर लागतो. आमच्या युनियनने त्यानंतर साडेतीन हजार रुपयांना सेकंडहँड कॅमेरा घेतला, वर्गणीतून.

मोबाइलवाले यावर म्हणतील, की आमच्याकडे दोन-तीन भिंगे असतात. असतात. २०१६पासून काही महागड्या मोबाइलांत दुसरे, लांब पल्ल्याचे भिंग आले. २०१९च्या सुमारास आरशासारख्या लोलकाने प्रकाश काटकोनात वळवून भिंग आडवे बसवण्याची युक्ती त्यांनी उचलली. (मिनोल्टाने ती २००२ सालीच आपल्या चपट्या डिमाज एक्स कॅमेऱ्यात वापरली होती.) ज्याच्यापाशी असा मोबाइल आहे त्याने वेगळा कॅमेरा घेण्याची घाई करू नये. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो मोबाइल असतो, त्यात ऑप्टिकल झूम नसतो. पाठीवर तीन डोळे असले तरी लांब पाहणारा त्यांत एकही नसतो.

मोठे सेन्सर सोडून हे लहान सेन्सरचे कॅमेरे कशाला, असेही विचारतात. लहान सेन्सरचा एक मोठा गुण आहे: त्याला लहान भिंग पुरते. निकॉनने २०१८ साली काढलेला पी१००० हा कॅमेरा १२५एक्सचा, २४ ते ३००० मिलिमीटर समतुल्य. प्रत्यक्षात त्याचे भिंग ४.३ ते ५३९ मिलिमीटरचेच आहे आणि सारा कॅमेरा १.४ किलोचा. याउलट पूर्ण ३५ मिलिमीटर चौकटीसाठी कॅननने केलेले १२०० मिलिमीटरचे एक भिंग साडेसोळा किलो वजनाचे होते. ते उचलायला हमाल लागतो. लहान सेन्सरचा दोष असा, की त्याला उजेड कमी मिळतो, आणि झूम केल्यावर आणखी कमी. कॅमेऱ्याच्या भिंगावर आकड्यांची दुसरी जोडी असते. आमच्या उदाहरणात ३.३–६.३. हा आकडा जेवढा लहान तेवढी खिडकी मोठी. ३.३चे ६.३ झाले म्हणजे आकडा दुप्पट झाल्यासारखा, पण उजेड वर्गाच्या हिशेबाने घटतो. तो चौथाईच्या थोडा वर उरतो. शिवाय झूम केला की हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. जुन्या लोकांचा नियम असा: २०० मिलिमीटरवर सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा संथ फोटो नुसत्या हातात धरून काढू नये. आता भिंगात कंप शोषणारी सोय असते, ती पुष्कळ सावरून घेते. तरीही खांबाला टेकावे, कोपरे बरगड्यांना लावावीत, आणि जमल्यास कॅमेरा पेटीवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. शेडमधल्या मंद उजेडात पूर्ण झूमवर चालता चालता काढलेला फोटो हलणारच.

झूमचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो मोर्चा काढणाऱ्या आणि मोर्चाचे फोटो पाहणाऱ्या, दोघांनीही समजून घ्यावा. मोर्च्याच्या पहिल्या रांगेपासून दहा मीटरवर उभे राहून फोटो काढला, आणि मागची एक रांग तिच्यापासून आणखी दहा मीटर दूर असली, तर मागची माणसे पुढच्यांच्या निम्म्या उंचीची उमटतात; रस्ता लांबलचक, मोर्चा विरळ वाटतो. शंभर मीटर मागे जाऊन झूमने काढला, तर पहिली रांग शंभरावर आणि दुसरी एकशे दहावर. उंचीत फरक जेमतेम दहा टक्क्यांचा. रांगा एकमेकींना चिकटलेल्या वाटतात, मधली मोकळी जागा नाहीशी होते, दोनशे माणसे दोन हजारांसारखी दिसतात. ही करामत काचेची नाही, उभे राहण्याच्या जागेची आहे. झूम फक्त त्या दूरच्या जागेवरून चौकट भरून देतो. २०२० साली करोनाच्या काळात डेन्मार्कच्या एका वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकारांनी एकाच रांगेचे दोन तऱ्हेने काढलेले फोटो शेजारी ठेवून हे जगाला दाखवले: एकात माणसे अंतर राखून उभी, दुसऱ्यात खांद्याला खांदा लावून. फोटो दोन्ही खरे होते. आमच्या चळवळीतल्या लोकांना लांबून काढलेला दाट फोटो आवडतो आणि विरोधकांना जवळून काढलेला विरळ. मोजणी करायची असेल तर दोन्ही बाजूला ठेवून उंचावरून काढलेला पाहावा.

झूम नव्हता तेव्हा लोक काय करीत, तर चालत जात. न्यूयॉर्कच्या एका शाळेतला शिक्षक, लुइस हाइन, १९०८पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालश्रम समितीसाठी सूतगिरण्यांतल्या, खाणींतल्या मुलांचे फोटो काढीत हिंडला. कॅमेरा काचेच्या पट्ट्यांचा, अवजड. आत शिरण्यासाठी तो कधी विक्रेता बने, कधी आणखी कोणी. आपल्या कोटाच्या बटणांची जमिनीपासूनची उंची त्याला पाठ होती; मूल शेजारी उभे राहिले की तेवढ्यावरून उंची टिपून घेई. अमेरिकेत बालमजुरीवर कायद्याचा पक्का लगाम बसायला १९३८ साल उजाडले, पण त्या लढ्यात या फोटोंचे काम मोठे. छायाचित्रणाचे गुरुजी शिष्यांना सांगतात, की झूम पायांनी करावा. हाइनसारख्याला ते शोभते. परंतु नऊ मीटर उंच हुकापर्यंत पाय पोहोचत नाहीत, हे गुरुजींना कोणीतरी सांगायला हवे.

स्वस्त कॅमेऱ्याची गोष्टही हाइनच्याच काळात सुरू झाली. १९०० साली ईस्टमनच्या कंपनीने एका डॉलरला ब्राउनी काढला: पुठ्ठ्याचा डबा, एक साधे भिंग. आपल्याकडे अनेक घरांत अ‍ॅग्फाचा क्लिक-थ्री होता, त्याला झूम कुठला. साध्या फोटोंच्या कॅमेऱ्यासाठी झूम भिंग १९५९ साली फोइग्टलेंडरने 'झूमार' या नावाने आणले, आणि खिशातल्या कॅमेऱ्यात झूम यायला १९८६चा पेन्टॅक्स झूम-७० उजाडावा लागला. डिजिटल आल्यावर पूर आला. २०१० साली अशा बसक्या भिंगाच्या कॅमेऱ्यांची जगभरची रवानगी १० कोटींच्या वर होती. २०२३ साली ती २० लाखांच्याही खाली होती. मोबाइलने हा धंदा गिळला. कारखानदारांनी स्वस्त नमुने बंद केले आणि महागडे ठेवले, कारण नफा तिथे. त्यामुळे नव्या मालात साधा, लांब झूमचा कॅमेरा आता दुर्मिळ आहे, आणि सामान्य माणसाला सेकंडहँडच पाहावा लागतो. त्यातही अलीकडे कॉलेजातल्या मुलामुलींना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस लागली असल्याने भाव चढले आहेत.

सेकंडहँड घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. कॅमेरा सुरू करून झूम टोकापासून टोकापर्यंत पाच-सहा वेळा न्यावा आणि कान देऊन ऐकावे. करकर आवाज येत असेल किंवा नळी तिरकी बाहेर येत असेल तर आत वाळू गेली आहे, तो घेऊ नये. या कॅमेऱ्यांचे मरण बहुतेक वेळा नळीतच असते. भिंगात टॉर्च मारून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातून आलेल्या कॅमेऱ्यात ती हटकून पाहावी. पूर्ण झूमवर भिंतीवरच्या कॅलेंडराचा फोटो काढून चारही कोपऱ्यांतल्या तारखा वाचता येतात का ते तपासावे. बॅटरी फुगलेली नाही ना, आणि तिच्या मापाची नवी बाजारात मिळते का, हे आधी विचारावे. या बाबतीत कॅननच्या जुन्या ए मालिकेतले साध्या पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे सोयीचे. कार्ड एसडी असावे. एक्सडी किंवा जुनी मेमरी स्टिक लागणारा कॅमेरा फुकट मिळाला तरी दोनदा विचार करावा. फार जुने कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखत नाहीत, म्हणून जाताना लहान कार्ड खिशात ठेवावे.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नये. लहान सेन्सरवर १० आणि २० यांत डोळ्याला जाणवणारा फरक थोडा. आठ ते बारा एक्सचा झूम पुष्कळ झाला. चंद्राचा फोटो काढायचा असेल तर गोष्ट वेगळी: २०० मिलिमीटरवर चंद्र चौकटीच्या रुंदीच्या एकोणिसाव्या भागाएवढाच उमटतो, आणि ३००० मिलिमीटरवर चौकटीच्या उंचीत मावत नाही. पण चंद्राचे फोटो पुष्कळांनी काढून ठेवले आहेत.

कॅमेरा हाती आल्यावर पहिले काम घड्याळ लावण्याचे. प्रत्येक चित्राबरोबर दिनांक, वेळ आणि ते कोणत्या नाभीय अंतरावर काढले तो आकडा यंत्र आपोआप नोंदवून ठेवते. घड्याळ चुकीचे तर नोंदही चुकीची, आणि समोरचा वकील तेवढेच धरून बसतो. मूळ चित्र कार्डावर तसेच राहू द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसलेली असते आणि ती नोंदही तिच्यातून गळालेली असते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा कोणत्या यंत्राने, कोणाच्या ताब्यात असताना फोटो निघाला, हे सांगता आले पाहिजे. कारखान्यात कॅमेरा नेण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते, म्हणून सुरक्षा समितीच्या सभासदाने लेखी परवानगी मागावी, आणि नाकारली तर तो नकारही लेखी घ्यावा. आमच्या कचेरीत कॅमेऱ्याच्या पिशवीतच एक वही ठेवली आहे. तिच्यात तारीख, जागा, कोणी काढला, किती मीटरवरून, आणि चित्राचा क्रमांक एवढे पाच रकाने आहेत. कॅमेरा नेणाऱ्याने ते भरून मगच पिशवी कपाटात परत ठेवायची.